ड्रायव्हरने कुठे राहावं

फ्रीबीएसडी चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये वायफाय मिळावं म्हणून आत एक छोटं लिनक्स व्हर्च्युअल मशीन सुरू ठेवायचं, वायफायचं कार्ड त्या लिनक्सच्या हवाली करायचं आणि मग त्याच्याकडून नेटवर्क मागून घ्यायचं. ही कल्पना मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ती शरणागती वाटली होती. भोपाळमधल्या फ्रीबीएसडी वापरणाऱ्या आमच्या मोजक्या मंडळींत मी हे मत जोरात मांडलं, बऱ्याच जणांना पटवूनही दिलं. आज माझं मत बरोबर उलट आहे, आणि ते 'चालतंय ना, मग असू दे' अशा तडजोडीतून आलेलं नाही. वायफायच्या ड्रायव्हरची योग्य जागा कर्नलच्या बाहेर, एका छोट्या बंदिस्त मशीनमध्ये आहे, असं मला आता मनापासून वाटतं. जुनं मत ज्यांना पटवलं, त्यांच्यापर्यंत नवं मतही तितक्याच स्पष्टपणे पोहोचायला हवं.

आधी जुन्या मताला न्याय देतो, कारण ते नुसत्या हट्टातून आलेलं नव्हतं. फ्रीबीएसडी ही बर्कली विद्यापीठातल्या युनिक्सच्या परंपरेतली प्रणाली. तिची पहिली आवृत्ती १९९३ची. तिचं मला सगळ्यात भावलेलं वैशिष्ट्य म्हणजे कर्नल, रोजची साधनं आणि त्यांची माहितीपानं हे सगळं एकत्र लिहिलं जातं, एकाच शिस्तीत. काही अडलं तर शोधायचं कुठे हे माहीत असतं. कोलार रोडवरच्या एका अभ्यासिकेतले लॅपटॉप मी सांभाळतो. राज्यसेवेची, बँकेची, रेल्वेची तयारी करणारी मुलं-मुली तिथे दिवसभर बसतात. लॅपटॉप कुणाकुणाच्या ऑफिसातून बाद झालेले, देणगीत आलेले. एखाद्याने संध्याकाळी काही बिघडवलं तर सकाळी ते कालच्या अवस्थेत परत नेता यायला हवं, आणि त्यासाठी झेडएफएस या फाइलप्रणालीचे स्नॅपशॉट मला फार उपयोगी पडतात. म्हणून तिथे फ्रीबीएसडी. आणि भोपाळच्या मे महिन्यात मुलं जिथे पंखा तिथे बसतात. प्रत्येक खुर्चीपाशी केबल नेता येत नाही. तेव्हा वायफाय हवंच.

माझ्या मतामागे एक इतिहासही होता. २००४च्या सुमारास बिल पॉल यांनी फ्रीबीएसडीच्या कर्नलमध्ये विंडोजचे नेटवर्क ड्रायव्हर जसेच्या तसे चालवण्याची सोय केली. त्या काळात कार्ड बनवणारे तांत्रिक माहिती सहसा बाहेर देत नसत, पण विंडोजचा ड्रायव्हर कार्डाबरोबरच्या सीडीवर असायचा. मग त्या ड्रायव्हरला आपण विंडोजमध्येच आहोत असं भासवायचं आणि काम काढून घ्यायचं. या उपक्रमाचं नाव पडलं 'प्रोजेक्ट ईव्हिल'. काम अचाट होतं. लिनक्सवाल्यांकडेही एनडीआयएसरॅपर नावाचा असाच प्रकार होता. पण परिणाम काय, तर आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही असा परका कोड थेट कर्नलच्या पोटात. यंत्र कोसळलं तर दोष शोधायचा कुठे? पुढे ही सोय मागे पडली आणि फ्रीबीएसडीच्या १४व्या आवृत्तीतून ती काढूनच टाकली गेली. यावरून मी एक नियम मनाशी बांधला होता: उसना ड्रायव्हर नको. माहिती मिळवा, ड्रायव्हर आपल्या प्रणालीसाठी नीट लिहा, आणि ते जमत नसेल तर ते कार्ड घेऊ नका.

देणगीत आलेल्या लॅपटॉपपुढे या नियमाचा शेवटचा भाग टिकत नाही. कार्ड आपण निवडलेलं नसतं. काही लॅपटॉपांत ते बोर्डालाच डकवलेलं असतं, काहींचा बायोस यादीबाहेरचं कार्ड दिसलं की सुरूच व्हायला नकार देतो. यूएसबीचं वायफाय लावावं तर त्यातल्या चिपा न सांगता बदलतात. खोक्यावर तेच नाव, आत दुसरीच वस्तू. एम. पी. नगरच्या दुकानांत मी यासाठी कितीदा तरी फिरलो आहे. अभ्यासिकेतली एक मुलगी रोज येऊन विचारायची, "सर, इसमें वायफाय क्यों नहीं आता?" आणि मी तिला केबलजवळची जागा द्यायचो.

वायफायचा ड्रायव्हर लिहिणं इतकं अवघड का, हे इथे सांगायला हवं. लॅनच्या कार्डाचं काम तुलनेने सरळ असतं: पॅकेट रांगेत ठेवलं, कार्डाने ते तारेवर सोडलं. वायफायचं मानक, म्हणजे ८०२.११, १९९७ साली आलं आणि तेव्हापासून त्याला बी, ए, जी, एन, एसी, एएक्स अशी शेपटं फुटत गेली. प्रत्येक शेपटाबरोबर वाहिन्यांची रुंदी बदलली, अँटेना वाढल्या, वीज वाचवण्याचे नवे नियम आले, एन्क्रिप्शन बदललं. शिवाय कामाची वाटणी प्रत्येक चिपमध्ये वेगळी. थोडं काम कार्डावरच्या फर्मवेअरने करायचं, थोडं ड्रायव्हरने, आणि रेषा कुठे ते चिप बनवणाराच ठरवणार. लिनक्ससाठी हे ड्रायव्हर अनेकदा चिप-कंपन्यांचे पगारी इंजिनिअर लिहितात. फ्रीबीएसडीत सॅम लेफ्लर, एड्रियन चॅड यांच्यासारख्या मोजक्या माणसांनी वर्षानुवर्षं हा भार वाहिला. फ्रीबीएसडी फाउंडेशनच्या पाठिंब्याने ब्योर्न झीब यांनी इंटेलच्या नव्या कार्डांचा ड्रायव्हर आणला, २०२२च्या १३.१ आवृत्तीत तो आला तेव्हा तो जुन्या ए, बी, जी वेगांवरच चालत होता, म्हणजे कागदावर जास्तीत जास्त ५४ मेगाबिट. मला या माणसांबद्दल तेव्हाही आदर होता, आजही आहे. पण मी त्यांच्या कामाची वाट बघत बसण्याला तत्त्व म्हणत होतो, आणि वाट बघत होती ती खुर्चीवरची मुलं.

माझा भाचा इथेच इंजिनिअरिंगला आहे, पक्का लिनक्सवाला. तो म्हणाला, "मामा, कार्ड ज्याला कळतं त्याच्या हातात द्या ना. बाकीचं सगळं तुमच्याकडेच राहू दे."

मी म्हटलं, "अरे, मग सरळ लिनक्सच टाकतो की. फ्रीबीएसडी कशाला?"

"तुम्हाला झेडएफएस हवंय, प्रोग्राम वेगळे कोंडणारे जेल हवेत. ते सोडू नका. मी फक्त एका कार्डाबद्दल बोलतोय."

गाबोर पाली यांचं वायफायबॉक्स त्यानेच मला दाखवलं. फ्रीबीएसडीत बीहाइव्ह नावाचा हायपरव्हायझर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम, २०१४च्या १०.० आवृत्तीपासून आहे. पीटर ग्रेहान आणि नील नातू यांनी तो नेटअ‍ॅपमध्ये असताना लिहिला आणि प्रकल्पाला दिला. वायफायबॉक्स या बीहाइव्हमध्ये अल्पाइन लिनक्सचा एक छोटा गेस्ट, म्हणजे आतलं मशीन, चालवतं. वायफायचं पीसीआय कार्ड होस्टकडून, म्हणजे फ्रीबीएसडीकडून, काढून थेट त्या गेस्टला दिलं जातं. लिनक्सचा ड्रायव्हर ते उचलतो, राउटरशी जोडून घेतो, आणि होस्ट व गेस्ट यांच्यामधल्या आभासी लॅनवरून फ्रीबीएसडीला इंटरनेट मिळतं. फ्रीबीएसडीच्या लेखी हे एक साधं केबलचं कनेक्शन असतं.

मी ते लगेच वापरायला घेतलं नाही. आत काय आहे हे कळल्याशिवाय मुलांच्या लॅपटॉपवर टाकायचं नव्हतं. म्हणून ठरवलं की अशी इमेज आपण स्वतः, तळापासून बांधायची, आणि जितकी लहान करता येईल तितकी करायची. माझं मत बदललं ते या बांधकामात. वाद घालून ते बदललं नसतं.

अल्पाइनची पायाभूत फाइलप्रणाली दाबून जेमतेम तीन एमबीच्या आसपास असते, कारण तिच्यात मसल ही छोटी सी-लायब्ररी असते आणि बिझीबॉक्स हा एकच प्रोग्राम बहुतेक सगळी साधनं पुरवतो. इथपर्यंत सोपं. मग कर्नल. अल्पाइनकडे व्हर्च्युअल मशीनसाठी मुद्दाम सडसडीत केलेला कर्नल आहे, आणि आपण व्हर्च्युअल मशीनच बांधतोय म्हटल्यावर हात आपोआप त्याच्याकडे जातो. पण तो सडसडीत झालाय तोच मुळी खऱ्या हार्डवेअरचे ड्रायव्हर काढून. वायफाय त्यात नाही. आपलं मशीन आभासी असलं तरी त्याच्या हातात दिलेलं कार्ड खरं आहे. तेव्हा पूर्ण कर्नल घ्यायचा आणि त्याच्या मॉड्यूलांच्या ढिगातून हवं तेवढंच ठेवायचं.

हवं तेवढं म्हणजे किती? ८०२.११चं सामायिक काम करणारी दोन मॉड्यूलं, त्यावर त्या कार्डाचा ड्रायव्हर, आभासी लॅनचं व्हर्टिओ, आणि फाइली वाचण्यापुरतं थोडं. एवढ्यावर राउटर दिसतो, जोडणी सुरू होते आणि पासवर्ड बरोबर असूनही तुटते. कारण डब्ल्यूपीए-२ची किल्ली बसवताना कर्नलला एईएस आणि त्याच्या सीसीएम पद्धतीची मॉड्यूलं लागतात, आणि ती वायफायच्या खणात नसतात, क्रिप्टोच्या खणात असतात. वायफायच्या ड्रायव्हरच्या अवलंबनांच्या यादीतही ती दिसत नाहीत, कारण ती ऐनवेळी मागवली जातात. वायफायमध्ये रेडिओ किती आणि गणित किती, हे मला पुस्तकापेक्षा या एका गोष्टीने जास्त नीट सांगितलं.

फर्मवेअरचं प्रकरण आणखी मजेदार. लिनक्सचा फर्मवेअरसंग्रह शेकडो एमबींचा आहे, जगातल्या निम्म्या चिपांची पोटं त्यात भरलेली. आपल्याला लागते एक फाइल, फार तर दोन. कुठली, ते कर्नलच्या नोंदीच सांगतात: ड्रायव्हर सुरू होताना ज्या फाइलीचं नाव घेतो तीच ठेवायची. इंटेलच्या ड्रायव्हरची रीत अशी की तो आधी स्वतःला माहीत असलेली सगळ्यात नवी आवृत्ती मागतो, ती नसेल तर त्याखालची, मग त्याखालची. या फाइली जेमतेम एक-दीड एमबीच्या असतात. इमेज लहान होण्यात सगळ्यात मोठा वाटा या एका निवडीचा आहे.

मग नियमांची फाइल. कुठल्या देशात कुठल्या वाहिनीवर किती शक्तीने बोलायचं, याची एक छोटी सही केलेली फाइल कर्नलला लागते. ती नसेल तर कर्नल जगातल्या सगळ्यांत सावध नियमांवर चालतो आणि ५ गिगाहर्ट्झच्या बहुतेक वाहिन्यांवर नुसतं ऐकतो, स्वतःहून हाक देत नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला, ५ गिगाहर्ट्झमधला मोठा भाग ऑक्टोबर २०१८मध्ये. हे सरकारी निर्णय त्या काही किलोबाइटच्या फाइलीत बसलेले असतात. गेस्टला देश 'भारत' असा सांगितला की अभ्यासिकेतल्या राउटरची ५ गिगाहर्ट्झची बाजू नीट वापरता येते, आणि आपण कायद्याच्या आत राहतो. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. हवेतली जागा सगळ्यांची आहे.

यावर डब्ल्यूपीए सप्लिकंट, पत्ता मागणारा एक छोटा प्रोग्राम, होस्टला पत्ता आणि डीएनएस देणारा दुसरा, आणि पत्त्यांची अदलाबदल करणारे नियम. ही अदलाबदल, म्हणजे नॅट, टाळता येईल का हे मी बराच वेळ शोधलं. टाळता येत नाही, आणि कारण मुळातलंच आहे. साध्या वायफाय जोडणीत प्रत्येक फ्रेमवर तीनच पत्ते असतात, आणि राउटर ज्याच्याशी हस्तांदोलन झालं त्याच एका पत्त्याशी बोलतो. मागे आणखी एक यंत्र लपलंय हे सांगायला फ्रेममध्ये जागाच नाही. लॅनप्रमाणे सरळ पूल टाकता येत नाही तो यामुळे.

काय ठेवलं त्यापेक्षा काय काढलं याची यादी मला जास्त आवडते. लॉगिन करता येईल असे वापरकर्ते नाहीत. एसएसएच नाही. पॅकेज बसवणारा प्रोग्राम बांधकाम झाल्यावर काढला. आवाज नाही, चित्र नाही, संपादक नाही, माहितीपानं नाहीत. सगळं स्क्वॉशएफएसमध्ये दाबून फक्त वाचता येईल असं केलं. लिहायला तात्पुरत्या स्मृतीतला एक कोपरा. वायफायची नावं आणि पासवर्ड होस्टकडे राहतात, गेस्ट ते तिथून वाचतो. इमेज शंभर एमबीच्या बरीच आत राहिली आणि मशीनला १२८ एमबी स्मृती पुरली. बटण दाबल्यापासून काही सेकंदांत राउटरशी जोडलं जातं. देणगीतल्या चार जीबीच्या लॅपटॉपला हे सोसतं.

इथे मला माझ्या जुन्या नियमाकडे नव्याने बघावं लागलं. परका, न दिसणारा कोड कर्नलच्या पोटात नको, असं मी म्हणत होतो. मग कर्नलमध्ये जो 'स्वतःचा' इंटेल ड्रायव्हर येतोय तो काय आहे? तो लिनक्सचाच ड्रायव्हर आहे. लिनक्सकेपीआय नावाचा एक थर फ्रीबीएसडीच्या कर्नलमध्ये लिनक्सच्या आतल्या फंक्शनांची नक्कल करतो आणि तो ड्रायव्हर थोड्या बदलांनी त्यावर चालतो. त्याचा परवाना दुहेरी आहे, म्हणून हे शक्य होतं. पडद्याचे ड्रायव्हर तर वर्षानुवर्षं याच वाटेने येतात, आणि ते मी बिनतक्रार वापरत होतो. म्हणजे दोन्ही वाटांवर कोड लिनक्सचाच. एका वाटेवर तो माझ्या कर्नलच्या आत येऊन बसतो, दुसऱ्या वाटेवर तो बाहेर, स्वतःच्या कर्नलसह, एका भिंतीपलीकडे राहतो. शुद्धतेचा आग्रह खरोखर धरायचा असेल तर दुसरी वाट जास्त शुद्ध आहे. हा विचार आल्यावर माझ्या आक्षेपाचा पाया राहिला नाही.

ती भिंत खरी आहे का, हा पुढचा प्रश्न, आणि मला तो सगळ्यात गंभीर वाटतो. पीसीआय कार्डाला संगणकाच्या स्मृतीत थेट लिहिता-वाचता येतं. तेव्हा कार्ड नुसतं गेस्टला देऊन भागत नाही. ते मनात आणलं तर होस्टच्या स्मृतीतही हात घालेल. ते अडवतो आयओएमएमयू. प्रोसेसरजवळचा हा भाग कार्डाच्या प्रत्येक मागणीचा पत्ता तपासतो आणि गेस्टच्या हद्दीबाहेर जाऊ देत नाही. इंटेलकडे त्याला व्हीटी-डी म्हणतात, एएमडीकडे एएमडी-व्हीआय. बीहाइव्ह त्याच्याशिवाय कार्ड देतच नाही, आणि कार्ड दिलं की गेस्टची सगळी स्मृती जागच्या जागी बांधून ठेवावी लागते. १२८ एमबीत भागवण्याला म्हणूनच अर्थ आहे: ती स्मृती होस्टला दुसऱ्या कशासाठीही मिळत नाही.

कार्ड असं का वागेल, असं कुणी विचारेल. २०१७च्या एप्रिलमध्ये गुगलच्या प्रोजेक्ट झीरोमधल्या गाल बेनियामिनी यांनी दाखवून दिलं की नुसत्या हवेतून पाठवलेल्या फ्रेमांनी फोनमधल्या वायफाय चिपचा ताबा घेता येतो आणि तिथून फोनच्या मुख्य कर्नलपर्यंत पोहोचता येतं. त्याच उन्हाळ्यात निताय आर्टेनस्टाइन यांनी 'ब्रॉडपोन' मांडलं, तेही वायफाय चिपच्या फर्मवेअरवरच. ऑक्टोबरमध्ये मॅथी व्हॅनहोफ यांचं 'क्रॅक' आलं, २०२१मध्ये त्यांचंच 'फ्रॅगअटॅक्स'. संगणकातला हा भाग असा आहे की तो अनोळखी माणसाने पाठवलेले संदेश पासवर्ड तपासण्याआधीपासून वाचू लागतो. त्याच्यावर बंद फर्मवेअर चालतं. आणि ड्रायव्हरांबद्दल तर २००१ सालीच स्टॅनफर्डच्या अँडी चाऊ आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं होतं की कर्नलच्या इतर भागांच्या मानाने ड्रायव्हरमध्ये चुकांचं प्रमाण तीन ते सात पट असतं. अशा गोष्टीला कर्नलचे सगळे अधिकार द्यायचे, आणि ते 'आपलं' आहे म्हणून निर्धास्त राहायचं, हे मला आता पटत नाही.

ही वाट नवीनही नाही. जर्मनीतल्या कार्ल्सरूह विद्यापीठात जोशुआ लेव्हासर आणि सहकाऱ्यांनी २००४ साली लिनक्सचे ड्रायव्हर न बदलता, लिनक्ससकट, व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवून वापरले होते. हेतू दोन, ड्रायव्हर पुन्हा लिहायला लागू नयेत आणि ते कोसळले तरी बाकीची प्रणाली उभी राहावी. योआना रुटकोव्स्का यांच्या क्यूब्स ओएसमध्ये पहिल्यापासून नेटवर्कची कार्डं वेगळ्या मशीनमध्ये असतात. तिथे ती सोय आहे म्हणून कुणी कमीपणा मानत नाही. तीच त्या प्रणालीची ताकद मानली जाते. मी ज्याला शरणागती म्हणत होतो ती शहाण्या माणसांनी विचारपूर्वक घेतलेली दिशा होती.

बांधलेली इमेज मी भोपाळ स्टेशनवर नेऊन पाहिली. मुंबई सेंट्रलनंतर ज्या नऊ स्टेशनांवर गुगल आणि रेलटेल यांनी २०१६च्या एप्रिलमध्ये मोफत वायफाय सुरू केलं, त्यांत पुण्याबरोबर भोपाळही होतं. गुगल पुढे बाजूला झालं, रेलटेलची सेवा राहिली. अशा ठिकाणी आधी एक पान उघडतं, मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी आला की रस्ता मोकळा. माझी शंका होती की कार्ड एका मशीनमध्ये आणि ब्राउझर दुसऱ्यात असताना हे पान उघडेल का. उघडतं, कारण पलीकडून पाहिलं तर दोघांचा पत्ता एकच. फक्त इमेजमध्ये डीएनएस कुठलातरी बाहेरचा ठरवून ठेवायचा नाही. जिथे जोडलो तिथून जो मिळाला तोच होस्टला पुढे द्यायचा, नाहीतर ओटीपीचं पानच सापडत नाही. प्लॅटफॉर्मवर बसून फ्रीबीएसडीवर गाड्यांची वेळ पाहिली तेव्हा मला फार आनंद झाला.

हे सगळं फुकट मिळत नाही, आणि जे अडतं तेही सांगायला हवं. ज्या लॅपटॉपांत आयओएमएमयू नाही किंवा बायोसमध्ये ते उघडताच येत नाही, तिथे ही वाट बंद. लॅपटॉप झोपवून उठवला की कार्ड अनेकदा भान हरपतं. गेस्ट बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो, आणि तशी व्यवस्था लावून ठेवावी लागते. सिग्नल किती आहे हे फ्रीबीएसडीच्या नेहमीच्या आज्ञांनी दिसत नाही, गेस्टला विचारावं लागतं. बाहेरून आत येणाऱ्या जोडण्यांसाठी दोन ठिकाणी दार उघडावं लागतं. आणि सगळ्यात मोठं ओझं म्हणजे आता दोन प्रणालींची सुरक्षा सांभाळायची आहे. गेस्ट छोटा आहे म्हणून त्याला विसरून चालत नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये वायफायची दुरुस्ती आली की इमेज पुन्हा बांधायची. मी बांधकामाची सगळी पावलं एका स्क्रिप्टमध्ये ठेवली आहेत ती याचसाठी. हाताने केलेली इमेज पहिल्यांदा छान वाटते, पुढे तिला कुणी हात लावत नाही.

२०२५च्या जूनमध्ये फ्रीबीएसडी १४.३ आली आणि तिच्यात इंटेलच्या कार्डांसाठी एन आणि एसीचे वेग आले. ब्योर्न झीब आणि त्यांच्या बरोबरच्या मंडळींच्या चिकाटीचं हे फळ आहे, आणि त्याची मी मनापासून वाट पाहिली होती. भाच्याने विचारलं, "मामा, आता तुमचा स्वतःचा ड्रायव्हर आला. मशीन काढून टाकायचं?" दोन वर्षांपूर्वी विचारलं असतं तर मी क्षणाचाही विलंब न लावता काढलं असतं, तेव्हा ते मशीन माझ्या दृष्टीने पाहुणं होतं, घरचा माणूस येईपर्यंतचं. मी त्याला नाही म्हटलं. ज्या लॅपटॉपांत आयओएमएमयू आहे तिथे कार्ड गेस्टकडेच राहील. ज्यांत नाही तिथे फ्रीबीएसडीचा ड्रायव्हर, आणि तो आहे म्हणून ते लॅपटॉपही आता खिडकीपाशी नेऊन बसता येतात.

भाच्याला हे पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, दोन कर्नल अद्ययावत ठेवण्यात जी ढिलाई होईल तिचा धोका कर्नलमधल्या ड्रायव्हरपेक्षा जास्त आहे. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि त्याला उत्तर स्क्रिप्ट वेळच्या वेळी चालवण्यानेच देता येईल. सध्या अभ्यासिकेतला एक मुलगा ती स्क्रिप्ट घेऊन दुसऱ्या एका बनावटीच्या कार्डासाठी इमेज बांधतो आहे. परवा तो विचारत होता की राउटर दिसतोय, पासवर्ड बरोबर आहे, तरी जोडणी तुटते. मी त्याला क्रिप्टोची मॉड्यूलं बघायला सांगितलं आहे.